मामेभावाचा शर्ट

मास्तर खोटं क्वचित बोलत, पण बोलायचं ठरलं की मन लावून बोलत. तो धंद्याचा गुण. मालिकांसाठी कपडे शिवायचे म्हणजे गरीब भावाच्या कोपराला ठिगळ नेमकं कुठे हवं आणि श्रीमंत सासूच्या बाहीवर जर किती हवी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेताना खालच्या काकूंनी विचारलं, "आणि हे तुमच्याबरोबरचे कोण?" तेव्हा मास्तरांनी एकही टाका न चुकवता उत्तर दिलं, "माझा मामेभाऊ."

हे मामेभाऊ म्हणजे काटेसाहेब, वजनमापे खात्यातले निरीक्षक. 'काटेसाहेब' हे नाव बाजाराने ठेवलेलं. तराजूच्या काट्यावरून की स्वभावावरून, याबद्दल दुकानदारांत दोन मतं होती. अंगात कायम चौकटीचा, फिकट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात पेन. उजव्या खांद्याला तपासणीच्या वजनांची जड पिशवी, आणि तिच्यामुळे तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. मालिकांत शिरण्याआधी मास्तर एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत शिवायला बसत. तिथली मीटरपट्टी तपासायला काटेसाहेब आले, आणि पट्टी झिजून चार मिलिमीटर कमी भरली. मालक गयावया करायला लागला. मागच्या खोलीतून मास्तर खो खो हसले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" काटेसाहेबांनी वळून विचारलं.

"काही नाही साहेब. गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड होतात म्हणून पाच वर्षं मी शिव्या खातोय!"

त्या दिवशी काटेसाहेबांनी नोंदवहीत पट्टीची लांबी दोनदा चुकीची लिहिली. त्यांच्या नोकरीत असं आधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली.

तर मामेभाऊ. एकदा नातं जोडलं की त्याला माणसं लागतात. मामेभाऊ आहे म्हणजे मामा आलाच. काकू नात्यागोत्यात पक्क्या मुरलेल्या. पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "म्हणजे यांचे वडील ते तुमचे मामा, की तुमचे वडील ते यांचे मामा?"

"हो," दोघं एका सुरात म्हणाले.

मग घरी बसून त्यांनी मामा नीट ठरवला. म्हणजे ठरवला मास्तरांनीच. काटेसाहेब फक्त तारखा जुळतात का ते बघत होते. मामा लांबच्या गावी एकटे राहत. त्यांचा डावा गुडघा दुखे. शब्दकोडी सोडवायचा नाद. मास्तरांना मालिकेतल्या लेखकांची संगत लागलेली, त्यामुळे मामा दर महिन्याला थोडे थोडे वाढत गेले. त्यांना थंडी सोसत नाही हे मास्तर बोलण्याच्या ओघात बोलून गेले, आणि काकूंनी त्यांच्यासाठी निळ्या लोकरीचा मफलर विणला. पुढच्या हिवाळ्यात हातमोजे. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गुडघ्याला बांधायचा लोकरी पट्टा. मामा दर वेळी फोनवरून काकूंना आशीर्वाद कळवत. काटेसाहेबांना हे सगळं असह्य होई. "त्या बाईची लोकर फुकट जातेय," ते म्हणत. "निदान पट्टा तरी कुणाच्या गुडघ्याला बांध."

चौथ्या वर्षी काका-काकूंनी सहलीची तिकिटं काढली, आणि काकू आनंदाने वर आल्या. "वाटेतच आहे हो मामांचं गाव! एक रात्र उतरू, भेटून पुढे जाऊ. पत्ता द्या."

मामा मंगळवारी गेले. झोपेतच. दुसरा काही उपाय नव्हता. काकू थर्मासमध्ये चहा घेऊन वर आल्या आणि काटेसाहेबांच्या शेजारी बसून रडल्या. काटेसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांना खरोखरच रडू आलं होतं, शरमेने. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वडील ते वडीलच हो," त्या म्हणाल्या. पुढे वर्षभर मास्तर आणि काटेसाहेब काकूंच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि काकू ते दुःखाच्या खाती जमा करत होत्या.

हे असं हसतखेळत चाललेलं असलं तरी एक जुनी गोष्ट मास्तरांच्या मनात रुतून बसली होती. अठरा वर्षांपूर्वी, मालिकांत नवे असताना, एका विनोदी मालिकेत त्यांनी एका पात्राचे कपडे शिवले होते. पात्राचं काम एकच: दारातून लचकत यायचं, नायकाच्या गालाला हात लावायचा, मार खायचा आणि जायचं. मास्तरांनी त्याला पिवळाधमक शर्ट शिवला, बाह्यांना झालर, गळ्याला फुलांचा रुमाल. तो आला की घरोघर माणसं हसून लोळत. मास्तरांच्या कामाचं कौतुक झालं. घरी पहिला भाग लागला तेव्हा मास्तरही हसले. काटेसाहेब मात्र उठून गॅलरीत गेले आणि मालिका संपेपर्यंत आत आले नाहीत. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "झालर किती मीटर लागली?"

"साडेतीन."

"बरीच लागली," काटेसाहेब म्हणाले आणि झोपायला गेले. मास्तरांना त्या रात्री कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ते ज्या मालिकेचे कपडे सांभाळत होते ती आठ वाजता लागणारी, घरंदाज कुटुंबाची मालिका. बायका दागिने घालून झोपणार, पुरुष घरातही बूट काढणार नाहीत, अशी. चार वर्षं चाललेली. एके दिवशी दिग्दर्शक कपड्यांच्या खोलीत आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "मास्तर, घरात धाकटा दीर येतोय. परगावाहून. तो गे आहे."

मास्तरांच्या हातातली सुई थांबली. "बरं. मग?"

"मग काय, त्याला जरा तसं दिसू द्या."

"तसं म्हणजे कसं?"

दिग्दर्शकाने हवेत मनगट वळवून दाखवलं. "कळलं ना? जांभळं रेशीम, अंगठ्या, गळ्यात काहीतरी भिरभिरणारं. दारात आला की घरच्यांच्या आधी प्रेक्षकांना कळलं पाहिजे."

"घरच्यांना चाळीस वर्षं कळत नाही साहेब," मास्तर म्हणाले, "प्रेक्षकांना दारातच कसं कळेल?"

"म्हणून तर कपडे!" दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला आणि गेला.

मास्तरांनी जांभळं रेशीम आणलं. दोन शर्ट शिवले. उत्तम शिवले, कारण वाईट शिवणं त्यांच्या हाताला येत नसे. मग चित्रीकरणाच्या सकाळी, ज्या माणसाने वीस वर्षांत एक रुमालसुद्धा जाळला नव्हता, त्याने इस्त्री कडक तापवून पहिला जांभळा शर्ट पाठीवर जाळला. वासाने सगळी खोली भरली. "अरेरे," मास्तर म्हणाले आणि दुसरा घेतला. तो छातीवर जाळला.

दिग्दर्शक धावत आला तेव्हा त्याचे डोळेच पांढरे झाले. जेवणाच्या टेबलाभोवती घरातली अकरा माणसं दागिन्यांसकट बसलेली, दिवे लागलेले, आणि धाकटा दीर बनियनवर उभा.

"आता काय घालू त्याला?"

"माझ्या पिशवीत एक आहे," मास्तर म्हणाले. "बघा चालतो का."

पिशवीत काटेसाहेबांचा शर्ट होता, झिजलेली कॉलर उलटवायला आणलेला. हिरव्या-तपकिरी चौकटीचा. खिशाखाली पेनची शाई गळून डाग पडला होता, तो झाकायला मास्तरांनी खिसाच एवढा मोठा लावला होता की त्यात अख्खी वही मावली असती.

"हा?" दिग्दर्शक किंचाळला. "हा तर सरकारी खात्यातला माणूस दिसेल!"

"खात्यातही असतात साहेब."

दिग्दर्शकाने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर इस्त्रीची वायर गुंडाळण्यात गर्क होते.

धाकट्या दिराचं काम करणारा नट नवा होता, आणि जांभळं रेशीम गेल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. त्याने शर्ट चढवला, खिशाकडे पाहिलं, खांद्यावरून हात फिरवला. "मास्तर, हा उजव्या खांद्यावरच का झिजलाय?"

"तिथे पिशवी असते. जड."

"कुणाचा आहे?"

"एका ओळखीच्याचा," मास्तर म्हणाले. तो शब्द त्यांना दिवसभर टोचत राहिला, कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखा.

नटाने उजवा खांदा जरा खाली सोडला. आरशात पाहिलं. मग तसाच जाऊन टेबलाशी बसला, आणि आईचं काम करणाऱ्या बाईंना आपलं वाक्य म्हणाला, "आई, तो माझा मित्र आहे हे खरंय. पण नुसता मित्र नाही. मी त्याच्याबरोबर राहतो." आवाज चढवला नाही, मनगट वळवलं नाही. मीठ मागावं तसं म्हणाला. आईचं काम करणाऱ्या बाई आपलं वाक्य विसरल्या. दिग्दर्शक कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्याकडे बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "ठीक आहे. हाच राहू दे."

'हाच राहू दे' म्हटल्याने एक घोळ झाला. मालिकेतलं जेवण म्हणजे ते काही वीस मिनिटांत उरकत नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा वीज चमकायची असते. हे जेवण नऊ भाग चालणार होतं, आणि नऊ भाग दिराच्या अंगात तोच शर्ट हवा होता.

"माझा कॉलर उलटवायला नेलेला शर्ट कुठाय?" आठवड्याने काटेसाहेबांनी विचारलं.

"जेवतोय," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, जाळलेल्या रेशमासकट. काटेसाहेबांनी ऐकून घेतलं. "न विचारता नेलास," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "दोन्ही जाळलेस?"

"दोन्ही."

"इस्त्रीला नाव ठेवलं नाही ना कुणी?"

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी काटेसाहेब टीव्हीसमोर ताठ बसले होते. दीर दारातून आत आला. काटेसाहेब पुढे झुकले. "हा माझ्यासारखा का चालतोय?"

"तुझा शर्ट आहे ना."

काटेसाहेब शेवटच्या जाहिरातीपर्यंत हलले नाहीत. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "खालून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. लावताना बघायचं होतंस." आणि आत जाऊन त्यांनी नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलं.

इकडे गावात गवगवा सुरू झाला. झालर घालून मार खाणाऱ्या माणसावर कुणाची हरकत नव्हती. पण साध्या शर्टात टेबलाशी बसून आईशी बोलणारा माणूस लोकांना फारच जवळचा वाटायला लागला. खालचे काका इमारतीचे सचिव. त्यांनी वाहिनीला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. पत्र मुद्देसूद व्हावं म्हणून समितीचे पाच जण रोज आठ वाजता काकांकडे जमून अभ्यास म्हणून मालिका बघत, आणि जाहिरातींत संतापत. काकू त्यांना चहा देत आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत.

तिसऱ्या दिवशी काका पत्र घेऊन सह्यांसाठी वर आले. मास्तर दोन पावलं मागे सरकले. काटेसाहेबांनी मात्र चष्मा लावला, पेन काढलं आणि दुकानाची पावती तपासावी तसं पत्र वाचलं.

"'असंख्य कुटुंबांच्या भावना दुखावल्या आहेत.' मोजल्यात?"

"अहो, तसं म्हणायची पद्धत असते."

"इमारतीत अठरा घरं. तीन बंद. दोघांकडे टीव्ही नाही. राहिली तेरा."

"बरं, मग तेरा लिहू?"

"आमचं धरू नका. बारा."

"का? तुमच्या भावना नाही दुखावल्या?"

"तपासून सांगतो," काटेसाहेब म्हणाले. जाता जाता त्यांनी 'संस्कृती'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला. दार लागलं आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तर तो हिंदकळून निम्मं पाणी शर्टावर सांडलं. मास्तरांनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुसायला पंचा दिला. चौदा वर्षांचं घर होतं. दुसरं शोधायचं म्हटलं तर या वयात कुणाला काय सांगणार होते?

पाचव्या दिवशी सकाळी काकू वर आल्या, त्या धापा टाकतच.

"मास्तर, पोलिसांत जायला हवं."

"काय झालं?"

"काटेसाहेबांचा शर्ट चोरीला गेलाय. टीव्हीवर आहे!"

"तो मेला खिसा मी ओळखणार नाही? चौदा वर्षं तुमची दोरी माझ्या गॅलरीवर ठिबकतेय. पहिल्या दिवशी वाटलं, असेल तसाच एखादा. काल त्याने हात वर केला तर बगलेतलं रफू दिसलं."

"चोरी नाही काकू. मीच नेला."

"तुम्ही? त्या तसल्या माणसाला घालायला? साहेबांचा?" काकूंनी आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "साहेबांना राग नाही आला?"

"नाही आला," आतून काटेसाहेब म्हणाले.

"का नाही आला?"

काटेसाहेब बाहेर आले. दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. मास्तर नजरेने 'नको, नको' करत होते. त्यांच्याजवळ चार-पाच खोट्या गोष्टी शिवून तयार होत्या. पण काटेसाहेबांना समोरचा माणूस सरळ विचारतोय म्हटल्यावर कमी मापाचं उत्तर देणं जमेना.

"कारण शर्ट योग्य माणसाच्या अंगावर आहे," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर दोघांच्या मधून आतल्या खोलीत गेली. एकच पलंग, दोन्ही बाजूंना एकेक चष्म्याचं घर.

"म्हणजे तुम्ही मामेभाऊ नाही?"

"नाही."

"आतेभाऊ?"

"नाही हो काकू."

काकू खुर्चीवर बसल्या. चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता. अचानक त्यांनी मान वर केली.

"मग मामा?"

मास्तर काटेसाहेबांसाठी टॉवेल शोधू लागले.

"मास्तर, मी विचारतेय. मामा कोण होते?"

"मामा नव्हते," मास्तर म्हणाले.

"नव्हते म्हणजे? गुडघा? कोडी?"

"मी रचलं होतं."

काकू उठून उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता काकांना हाक जाणार. "मी रडले होते," त्या म्हणाल्या. "तीन दिवस रडले होते मी! ह्यांना सहलीची तिकिटं रद्द करायला लावली. माझे सख्खे मामा गेले तेव्हा इतकी रडले नव्हते! आणि माझा मफलर?"

मास्तरांनी निमूटपणे पलंगाखालची पेटी ओढली. मफलर, हातमोजे, गुडघ्याचा पट्टा, सगळं डांबरगोळ्या घालून घडी करून ठेवलेलं. काकूंनी ते काखोटीला मारलं आणि खाली गेल्या.

पुढचे तीन आठवडे त्या बोलल्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तर भिंतीकडे बघत. पण गंमत अशी की कुणालाच काही बोलल्या नाहीत, काकांनाही नाही. उलट काकांच्या पत्रावरची स्वतःची सही त्यांनी खोडून टाकली. काकांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला तो मुलगा आवडतो. आईशी तोंड उघडून बोलतो. तुमच्यासारखं तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही." हे भांडण खिडकीतून वर स्पष्ट ऐकू आलं. काटेसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. "आता बारा नाही," ते म्हणाले. "साडेअकरा."

मग एका दुपारी काकू आपणहून वर आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि एखादं स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली. स्वयंपाक कोण करतं? मास्तर. आणि भांडी? काटेसाहेब, मास्तर तळ नीट घासत नाहीत. भांडणं होतात? होतात. कशावरून? पंख्यावरून.

"घोरतं कोण?"

"हा," दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

काकूंना हसू फुटलं. ते दाबायला त्यांनी तोंडावर हात धरला, पण दाबलं गेलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मला पटलंय असं समजू नका. मला अजून कसंतरीच होतं. आमच्या घरात असलं कधी ऐकलं नाही. पण तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मी काय वाघ आहे?" आणि जाता जाता, "मामा मात्र तुम्ही फार चांगला केला होता हो मास्तर. माणूस असा पाहिजे."

काकांना कळलं ते आणखी महिन्याने, काकूंकडूनच. त्यांनी वर येणं बंद केलं ते आजतागायत बंद आहे. पण भाजीवाल्याने काटा मारला की गॅलरीत उभे राहून ते "साहेब!" अशी हाक देतात, आणि काटेसाहेब वजनं घेऊन खाली उतरतात. त्या वेळी दोघांचं अगदी एकमत असतं.

मालिकेत दिराला व्हायचं तेच झालं. नऊ भागांनी जेवण संपलं, दहाव्या भागात त्याला परदेशात शिष्यवृत्ती मिळाली. "वरून आलंय," दिग्दर्शक मास्तरांना म्हणाला. त्याला स्वतःलाही ते आवडलेलं नव्हतं. काकूंनी वाहिनीला उलटं पत्र लिहिलं: आठ वाजता आम्ही काय बघायचं? अशी पत्रं बरीच गेली असावीत, कारण अडीच महिन्यांनी दीर बॅग घेऊन परत आला. या वेळी दिग्दर्शकाने मास्तरांना मनगट दाखवलं नाही. "तुम्हाला योग्य वाटेल ते घाला," एवढंच म्हणाला. दिराच्या मित्राला मात्र शेवटपर्यंत कुणी पडद्यावर आणलं नाही. तो फक्त फोनवर असे.

त्याच वर्षी काटेसाहेब निवृत्त झाले. कचेरीने निरोपसमारंभाचं आमंत्रण दिलं, त्यावर छापलं होतं 'सहकुटुंब'. आजवर कचेरीतल्या प्रत्येक कार्यक्रमाला काटेसाहेब एकटे गेले होते.

"तू जाऊन ये," मास्तर म्हणाले. "मला काम आहे."

"कसलं काम?" काकूंनी विचारलं. त्या नेमक्या तिथेच होत्या. "सहकुटुंब म्हणजे सहकुटुंब. चला, मीही येते. ह्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. तेवढीच मोकळी हवा."

कचेरीच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दारात मोठे अधिकारी हातात यादी घेऊन उभे. काटेसाहेबांना त्यांनी व्यासपीठाकडे पाठवलं आणि मास्तरांकडे वळले. "आपण?"

वीस वर्षं लोकांना शोभेल ते घालायला देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सापडेना.

"हे साहेबांच्या घरचे," काकू म्हणाल्या. अगदी सहज, कुणाच्या बायकोची ओळख करून द्यावी तशी.

अधिकाऱ्यांनी मास्तरांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, यादीत पाहिलं. यादीत त्यासाठी रकाना नसावा. "घरच्यांना पहिली रांग," ते शेवटी म्हणाले आणि स्वतः खुर्ची पुढे सरकवली. मागे दोन कारकून एकमेकांना कोपरखळी मारून हसले. बाजारात काटेसाहेबांबरोबर बारा वर्षं फिरलेला एक जण हस्तांदोलन न करताच निघून गेला. काटेसाहेबांनी ते पाहिलं आणि कागदातून मान वर केली नाही.

भाषण त्यांनी वाचूनच केलं. खात्याचे आभार, शिपायांचे आभार, अगदी दुकानदारांचेही. मग कागद संपला तरी ते उभेच राहिले. "घरच्यांचे आभार राहिले," ते म्हणाले. "चोवीस वर्षं आणि चार महिन्यांचे." आणि बसले. काकूंनी टाळ्या सुरू केल्या, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या. मास्तरांना नीट दिसत नव्हतं.

चहाच्या वेळी अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं, "आपण काय करता?"

"मालिकांचे कपडे. आठ वाजताची..."

"अहो, काय सांगता! आमच्या घरी रोज लागते!" अधिकारी ओरडलेच. क्षणात मास्तरांभोवती अर्धी कचेरी गोळा झाली, कोपरखळी मारणाऱ्या दोघांसकट. थोरली सून खरंच मेली का? सासू झोपताना दागिने का काढत नाही? तो दीर घरी राहणार की पुन्हा पाठवणार? मास्तरांना कंठ फुटला. ते हातवारे करून सांगू लागले, आणि काकू मधून मधून त्यांच्या चुका दुरुस्त करू लागल्या.

ज्यांचा समारंभ ते काटेसाहेब खिडकीशी एकटेच उभे होते. गळ्यात हार, काखेत भेट मिळालेला पितळी तराजू, एका हातात मास्तरांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मास्तरांचा कप. घरचं माणूस चारचौघांत रंगलं की बाकीच्यांना जसं थांबून राहावं लागतं, तसे ते थांबले होते. चहा निवत चालला होता. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्या घोळक्याकडे, आणि मास्तरांच्या वाटणीचा चहाही पिऊन टाकला.